सातव्या ग्रीनवर मी तुझं नाव घेतलं

इब्राहिम, साहेबांनी तुझा फोटो मोठा करून आणलाय. गोल्फच्या मैदानावरच्या आपल्या शेडमध्ये लावणार आहेत, गवतात भोकं पाडायच्या, टोचायच्या मशीनच्या वर. मला म्हणाले, "दत्ताराम, खाली छापायला चार ओळी द्या. तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखत होतात." मी विचारलं, काय लिहायचं? म्हणाले, जन्म, नोकरीची वर्षं, स्वभाव मनमिळाऊ. मी म्हटलं, मनमिळाऊ? तो? मग दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्या. त्यांनी हारही आणला होता, तो मी घालू दिला नाही. त्याच्या घरी फोटोला हार घालत नाहीत, एवढं तरी विचारायचं होतंत, असं तोंडावर बोललो. साहेबांनी हार परत पिशवीत घातला. तू असतास तर शेडमागे नेऊन मला म्हणाला असतास, "दत्ता, मेल्या, साहेबाशी जरा नीट बोल. उद्या हाकललं तर तुला घेणार कोण?"

मी चौथी शिकलेला माणूस. नातीच्या जुन्या वहीत लिहितोय. जोडाक्षरं चुकतील, चुकू देत. पण हे चार ओळींत मावणारं नाही आणि फोटोखाली लावण्यासारखं तर नाहीच. सरळ सांगतो. सातवं ग्रीन, झेंड्याभोवतीचं ते बारीक गवत, टोचलेलं नाही. मी तुला "केलं" म्हणून सांगितलं, ते खोटं होतं.

आणि आता ते मरायला लागलंय.

तू गेलास तेव्हा काही दिसत नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी मधोमध परातीएवढा भाग निळसर पडला. मग पिवळा झाला. आता परातीचं खळं झालंय. पाय ठेवला की पाऊल तसंच राहतं, गवत उठतच नाही. सकाळी तपासायला गेलो की परत येताना मागे बघायचं टाळतो. एकदा बघितलं होतं. सगळ्या ग्रीनवर माझीच पावलं, एकामागून एक, जशी ठेवली तशी. ती माझीच आहेत हे कळत होतं. तरी वाटलं की कोणीतरी माझ्या मागून चालत आलंय आणि मी थांबलो म्हणून थांबलंय.

साहेबांनी परवा सांगून टाकलं. पाऊस लागायच्या आत सुधारलं नाही तर सातवं खरवडून काढायचं आणि प्लास्टिकचं गवत टाकायचं. ना पाणी, ना कापणी, ना टोचणी. मी विचारलं, खालच्या मातीचं काय? म्हणाले, "खाली सिमेंट टाकावं लागतं, दत्ताराम." मला रात्रभर झोप आली नाही. खाली काय आहे ते त्यांना माहीत नाही. तुला माहीत होतं. पण सगळं नाही.

आधी जुनं एक मिटवून टाकतो, म्हणजे मोठं बोलायला तोंड राहील.

तू पहिल्यांदा ह्या कातळाच्या सड्यावर आलास, तेव्हा मी तुला बघूनच ठरवलं होतं की ह्या माणसाचं आपण ऐकायचं नाही. आखातातून आलेला, डोळ्यांना काळा चष्मा, पायात बूट. आणि बोलणं काय, तर "मी रेतीत गवत उभं केलंय मियाँ." मी म्हटलं, आम्ही कातळावर भात उभं करतो. मग तू खाली वाकलास, गवताची काडी उपटलीस आणि विचारलंस, "ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, हरळी. तू म्हणालास, "आजपासून हिला जगवायचं." मी पोट धरून हसलो होतो. जन्मभर शेतातून जी हरळी उपटून बांधावर फेकली, माझ्या म्हाताऱ्या आईने जिला शिव्या दिल्या, तिला जगवायला मला पगार मिळणार! तू म्हणालास, "हस. तुझ्या गणपतीला चालते ना, मग साहेबाला पण चालते."

त्याच उन्हाळ्यात सरावाचं छोटं ग्रीन मेलं. आठवतं? तू तुझ्या गावी, नाट्याला गेला होतास, बहिणीकडे. ग्रीन माझ्या हवाली. ऊन असं की जांभा हाताला चटके देत होता. गवत मलूल दिसलं. मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. चोंढ्यात, खालच्या पाणथळ शेतात, भात लावताना जे करतो तेच केलं. रोज भरपूर पाणी सोडलं आणि फळी घेऊन सगळं दाबून काढलं. चिखल बसला की पाणी धरून राहतं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर कळतं. आठ दिवस ग्रीन असं हिरवं झालं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होतो. तू आलास त्या दिवशी ते पिवळं पडायला लागलं होतं.

तू उकिडवा बसलास. खिशातून ती लाकडी मुठीची सुरी काढलीस, ग्रीनमधून केकसारखा तुकडा कापलास आणि माझ्या नाकाखाली धरलास.

"हुंग."

सडक्या अंड्याचा वास. खालची रेती काळी पडलेली.

"मुळं कुठं आहेत?"

मुळं वरच, नखाएवढी. खाली जायला जागाच नव्हती.

"एवढं पाणी घालून कोणी दाबलं?"

"विहीर मचूळ झालीय," मी म्हटलं. "उन्हाळ्यात होते. खारं पाणी लागलं."

तू माझ्याकडे बघितलंस, मग फळीकडे बघितलंस. फळी मी नीट उभी करून ठेवली होती, पण तिला खाली रेती चिकटलेली होती. तू म्हणालास, "व्हय, विहीरच असेल." त्यानंतर कितीतरी वर्षं, कुठलंही ग्रीन बिघडलं की तू मला विचारायचास, "काय दत्ता, विहीर काय?" मी चिडायचो. तरी कबूल केलं नाही. आज लिहून देतो. विहीर चांगली होती. मी मारलं ते.

त्या वेळी तू मला शिकवलंस. मी शिकतोय असं न दाखवता शिकलो. माणसं चालतात, मशीन फिरतं, वरची रेती बसत जाते. मग पाणी वरच राहतं आणि खालची हवा संपते. उन्हाळ्यात हरळी जोरात वाढते, तिला खाली हवा जास्त लागते, आणि नेमका तेव्हाच माणूस घाबरून पाणी जास्त घालतो. म्हणून टोचायचं. थंडी सरता सरता जाडे पोकळ काटे, मातीच्या बोटाएवढ्या गुल्ल्या वर काढणारे. भर वैशाखात फक्त सुया, पेन्सिलीपेक्षा बारीक. ऊन चढायच्या आत. मग शिंपडल्यासारखं पाणी, चार दिवस रूळ नाही, मग कोरडी बारीक रेती टाकून झाडूने भोकांत सारायची. मी म्हणायचो, "अंगाची लाही होतेय आणि त्यात तू सुया टोचतोस, गवताला का शिक्षा?" तू म्हणायचास, "पाणी नाय, दत्ता. हवा." हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तू बरोबर होतास. तरी मी वाद घातला असता.

आता सातवं.

तुला एवढंच माहीत होतं की सातव्याच्या जागी राखणदाराचं, गाव राखणाऱ्या देवाचं, स्थान होतं. दर साली तिथे नारळ द्यायचा, एका कोंबड्याची राखण द्यायची. मैदान झालं तेव्हा दगड बाजूला घेतला, पायवाटेकडच्या कडेला, करवंदीच्या जाळीत. तुला गावातल्या सगळ्यांसारखं वाटायचं की दगड मशीनवाल्याने हलवला.

मी हलवला, इब्राहिम. तेव्हा मी तिथे रोजावर होतो. गुरव दुपारी येणार होता, गाऱ्हाणं घालून, नारळ देऊन दगड उचलायचं ठरलं होतं. मुकादम म्हणाला, मशीन उभं राहिलंय, कोण आहे रे हिंमतवाला? सगळे मागे सरले. मी तरणा नव्हतो, पण गुर्मी तरण्याची. पहार घातली आणि एका दमात उचकटला. खाली ओली माती होती. वैशाखात, कातळावर, ओली. दुपारी गुरवाने येऊन काय करायचं ते केलं, पण दगड आधीच हललेला होता.

त्याच साली माझी बायको गेली.

हे मी कुणाला बोललो नाही. मुलांना नाही, गुरवाला नाही. साप चावला, दवाखाना लांब, असंच सगळे म्हणतात. मीही तेच म्हणतो.

म्हणून तू पहिल्या साली सातव्यावर मशीन चढवलंस तेव्हा मी आडवा झालो. "इथं टोचायचं नाय." तू कारण विचारलंस. मी म्हटलं, खाली राखणदार आहे. मला वाटलं, तू हसशील. तू हसला नाहीस. मशीन बंद केलंस आणि म्हणालास, "मग त्याला विचारून ये. विचारायचं काम तुझं, टोचायचं माझं."

तेव्हापासून तो आपला रिवाजच झाला. दर टोचणीला पहाटे मी नारळ घेऊन जाळीत जायचो. तू ग्रीनच्या पलीकडच्या कडेला, समुद्राच्या अंगाला, मशीनवर हात ठेवून उभा. मी परत आलो की ठरलेलं बोलणं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला म्हातारा?"

"व्हय म्हणाला."

"नाय म्हणाला असता तर?"

"तर तुझं मशीन बंद पडलं असतं."

एका साली खरंच बंद पडलं. अर्ध्या ग्रीनवर पट्टा तुटला आणि मी जो पळालो तो शेडमध्ये जाऊन बसलो. तू पट्टा बदलून, पुरं करून, तासाभराने आलास. घामाने निथळत होतास. म्हणालास, "तुझ्या म्हाताऱ्याला सांग, पट्टा पुढच्या वेळी जरा सांगून तोडत जा, मी दुसरा घेऊन येईन." मला हसू आलं नाही. तू नारळाची शकलं मागितलीस आणि तिथेच बसून खाल्लीस. मी तुझ्याकडे बघत राहिलो होतो. तू विचारलंस, "काय बघतोस?" मी म्हटलं, काही नाही. तुझं काही होतं का, ते बघत होतो.

कारण मी तिथे जाऊन काय सांगायचो, ते तुला ठाऊक नव्हतं. आता ऐक. दर साली, एकही साल न चुकता, मी त्या दगडापुढे हात जोडून म्हणायचो, "बा राखणदारा, आज तुझ्या डोक्यावर टोचणी आहे. टोचणारा इब्राहिम, मूळ नाट्याचा, खाली बंदरात घर. मी नुसता सांगणारा. काय राग धरायचा असेल तर त्याच्याशी बघून घे. माझी मुलं-नातवंडं सांभाळ."

तुझं नाव, तुझं गाव, तुझं घर. सगळा पत्ता दिला मी. माझ्या डब्यातली कुळथाची पिठी खाणाऱ्या माणसाचा. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाला झावळ्या बांधणाऱ्या माणसाचा. आणि परत येऊन तोंड वर करून म्हणायचो, "व्हय म्हणाला."

ह्या साली तुला चालताना धाप लागायला लागली. तू बाकीची ग्रीनं कशीबशी केलीस, दर दोन फेऱ्यांनी मशीनवर ओणवा होऊन उभा राहायचास. मला वाटायचं, काहीतरी पडलंय म्हणून शोधतोयस. त्या सोमवारी तू शेडच्या पायरीवर बसलास आणि म्हणालास, "दत्ता, सातवं तू कर."

"मी?"

"मग कोण? डॉक्टरने मशीन ढकलायला बंदी केलीय. विचारायचं पण तूच, टोचायचं पण तूच. एका फेरीत दोन कामं."

मी नाही म्हणायला हवं होतं. भीती वाटते म्हणायला हवं होतं. तू कधीच हसला नव्हतास त्या गोष्टीला, तेव्हाही हसला नसतास. पण ती पहार माझ्या तोंडात आडवी आली. जो माणूस सगळ्यांसमोर दगड उचकटतो तो घाबरतो म्हणून सांगणार कसा? मी म्हटलं, "त्यात काय!"

मंगळवारी पहाटे गेलो. नारळ ठेवला, हात जोडले आणि सवयीने तेच बोललो. टोचणारा इब्राहिम, मूळ नाट्याचा. जिभेवरून निघून गेल्यावर कळलं. परत घ्यायचं कसं? सांगितलेलं परत घेता येत नाही. मशीन सुरू केलं, कडेला आणलं, सुया खाली सोडल्या. पहिल्याच दाबाला खालून खण्ण असा आवाज आला. खडा असेल. कुठून तरी खडा वर येतोच, तू शंभरदा काढलेयस. पण मी दुसरा दाब दिला नाही. मशीन उचललं, शेडमध्ये आणलं, सुया पुसून ठेवल्या.

तू दहा वाजता आलास.

"केलंस?"

"केलं."

"कशी गेली सुई?"

"लोण्यात गेल्यासारखी."

तू मशीनकडे बघितलंस. मग म्हणालास, "बरं झालं. चहा सांग."

शनिवारी सकाळी बंदरातून फोन आला.

मी मातीला आलो होतो, तू बघितलं असशील तर. मूठभर माती मलाही टाकू दिली तुझ्या माणसांनी. तिथपर्यंत मी ठीक होतो. मग त्यांनी खोऱ्याच्या पाठीने वरची माती थोपटायला घेतली. थप, थप, थप. माझ्या तोंडात आलं होतं, दाबू नका. अहो, दाबू नका त्याच्यावर, हवा जाऊ द्या खाली. ओठ मिटून घेतले. शेजारच्या माणसाने माझा दंड धरला. त्याला वाटलं, मी रडतोय. ह्या माणसाचा पत्ता मी दिला, मंगळवारी दिला आणि शनिवारी तो इथे आहे, एवढंच डोक्यात वाजत होतं.

इथवर लिहून वही उशीखाली ठेवली होती. पुढचं आता लिहितो. मध्ये दोन गोष्टी झाल्या.

पहिली, काल मी तुझ्या घरी गेलो. आधी जायला धजलो नव्हतो. भाभी इद्दतमध्ये, नवऱ्यामागे पाळायच्या दिवसांत, बाहेर येत नाहीत, म्हणून मी पडवीत बसलो आणि त्या दाराच्या पडद्यामागे. चहा आला. मी कपाकडे बघत होतो. म्हटलं, "भाभी, माझ्याकडून एक चूक झालीय."

आतून भाभी म्हणाल्या, "सातव्याची काय?"

मी कप खाली ठेवला.

"मंगळवारी घरी आले तेव्हाच बोलले," भाभी म्हणाल्या. "दत्ता खोटं बोलला. म्हणाले, सुया कोरड्या ठाक, एकीला रेतीचा कण नाय. लोण्यात गेली म्हणतोय मेला. उन्हाळ्यात लोणी कुठं आलं तिथं!"

"मग मला का नाही बोलला?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाले, तो घाबरतो आणि घाबरतो हे कुणाला कळलं की जास्त घाबरतो. मीच जाऊन करीन, त्याला कळवायचं नाय. शनिवारी त्यासाठी लवकर उठले होते. मी नको म्हटलं. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बसले, आणि…"

भाभी थांबल्या. तुझ्या पडवीसमोर मासेमारीचं जाळं वाळत टाकलं होतं, त्यात एक सुकलेला बांगडा अडकला होता. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. माझं काम करायला तू उठला होतास. मी जी भीती तीन आठवडे उराशी धरून होतो ती चुकीची होती आणि खरी तिच्याहून वाईट निघाली. म्हाताऱ्याने तुला नेलं की नाही, देव जाणे. पण सातव्यावर मी गेलो असतो तर तू त्या पहाटे अंथरुणात असतास.

मग मी ते दुसरंही सांगितलं. गाऱ्हाणं. नाव. पत्ता. माझ्या वयाच्या माणसाने पडद्याकडे बघून हे बोलणं सोपं नव्हतं.

पडद्यामागून हसल्याचा आवाज आला. खरंच हसल्या. रडून रडून बसलेल्या घशातून.

"ते माहीत होतं त्यांना. पहिल्या सालापासून."

"कसं माहीत? मी तर हळू बोलायचो. तो पार पलीकडे उभा असायचा."

"दत्ताभाऊ, तुम्ही शेतातली माणसं. पहाटे मतलई असते ना? जमिनीकडून दर्याकडे जाते. तुम्ही वाऱ्यावर उभे राहून बोलायचे, हे वाऱ्याखाली. शब्दन् शब्द यायचा. घरी येऊन तुमची नक्कल करायचे, हात जोडून. बा राखणदारा, टोचणारा इब्राहिम."

"राग नाही यायचा?"

"एकदा मी रागावले. मी म्हटलं, हा कसला दोस्त? तर म्हणाले, अगं, साहेबाला इतक्या वर्षांत माझं नाव धड घेता येत नाय, इब्रानीम म्हणतो. आणि दत्ता एवढ्या मोठ्या माणसासमोर दर साल माझं नाव घेतो, गावासकट. त्याच्यामागे नातवंडं आहेत. त्याला पुढं कुणीतरी हवंय. मी उभा राहतो."

निघताना भाभींनी पडद्याखालून कागदाची पुडी सरकवली. तुझी सुरी. म्हणाल्या, "ही घेऊन जा. मी मासे कापायला घेतली तर ओरडायचे, मातीची आहे म्हणून. आता घरात ठेवून काय करू?"

दुसरी गोष्ट आजची.

मशीन घेतलं नाही. हातातला पंजा घेतला, चार सुयांचा, तू कडेकडेने वापरायचास तो. साहेबांना विचारलं नाही. उजाडता उजाडता सातव्यावर गेलो. जाळीत नारळ ठेवला. हात जोडले. पंधरा वर्षांचं बोलणं आपोआप वर येत होतं, टोचणारा इब्राहिम, टोचणारा इब्राहिम. मी दात आवळून धरले. मग सांगितलं. मोठ्याने सांगितलं, खाली बंदरात ऐकू जाईल एवढ्याने.

"बा राखणदारा, टोचणारा मी. दत्ताराम. तुझा दगड गुरव यायच्या आधी हलवला तोही मीच. इब्राहिमचं नाव मी भीतीपोटी घेत होतो. त्याचा काही संबंध नाही. राग माझ्यावर धर. नातवंडांवर धरू नको, बस, एवढंच मागणं."

नारळ फोडला नाही. तसाच ठेवला.

ग्रीनवर आलो. पंजा रोवला, पायाने दाबला. सुया गेल्या. लोण्यात नाही, तू म्हणायचास तशा, दाताखाली वाळू आल्यासारख्या. उपसला, एक वीत पुढे, परत रोवला. खण्ण झालं नाही. दर वेळी वाट बघत होतो, झालं नाही. दहा-बारा ओळी झाल्यावर पिवळ्या भागाच्या मधोमध आलो, तिथे थांबलो. तुझी सुरी काढली. केकसारखा तुकडा कापला, तू कापायचास तसा. हुंगला.

तोच वास, सडक्या अंड्याचा. रेती काळी. मेलं, म्हटलं, तुझं सातवं मी मारलं. विहीर काय, दत्ता?

मग तुकडा उजेडाकडे वळवला. काळ्यामध्ये पांढऱ्या रेघा होत्या, उभ्या, सरळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. आधी कळलंच नाही काय ते. तुझी भोकं, इब्राहिम. गेल्या सालची. तू सुया मारल्यास, त्यांत कोरडी रेती सारलीस, तिच्यातून मुळं खाली गेली होती. बाजूला सगळं काळं कुजलेलं, आणि त्या रेघांमधून पांढरी मुळं, केसासारखी, माझ्या बोटाएवढी लांब. तू जिथे जिथे टोचलं होतंस तिथे तिथे ते अजून श्वास घेतंय. मधल्या जागेत, जिथे ह्या साली मी टोचायचं होतं, तिथे नाही.

तुकडा परत बसवला. पायाने दाबायला गेलो आणि पाय वरच्या वर थांबवला. हातानेच हलका बसवला.

ऊन चढेपर्यंत अर्धं झालं. हात सुजलेत, लिहिताना अक्षर वाकडं येतंय. सातवं जगेल की नाही, मला सांगता येत नाही. साहेब विचारतील तेव्हा त्यांनाही तेच सांगेन, खोटं नाही सांगणार. भीती गेलेली नाही. संध्याकाळपासून नातीला दोनदा विचारलं, अंगात ताप वगैरे नाही ना. ती हसली.

परतताना त्या समुद्राकडच्या कडेला थांबलो, तू मशीनवर हात ठेवून उभा राहायचास तिथे. कोणी विचारलं नाही, सांगितलंस का म्हणून. मीच बोललो, सांगितलं. खाली बंदर दिसत होतं, मशिदीच्या मागे तुमचं कबरस्तान. ऊन आलं होतं तरी मतलई अजून पडली नव्हती. पाठीवर लागत होती, तिकडेच चालली होती.

अर्धं उरलंय. उद्या पहाटे परत नारळ घेऊन जाईन. नाव माझंच सांगेन. तू ऐक.